जूचंद्रची गाडी, दुबईचं पत्र

दुबईहून कायमचं परत येताना बॅगेत काय काय भरतात, हे वसई तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. खजूर, पिस्ते, परफ्यूम, आईच्या गुडघ्यांसाठी बामच्या बाटल्या, भाच्यांसाठी चॉकलेटचे डबे. मी सगळं आणलं. तीस किलोंच्या वर दोन किलो झाले, तेही हसून-रडून पार केले. एक कागद मात्र आणायचा राहिला. वजन शून्य, किंमत चार हजार दोनशे रुपये!

तो कागद कुठला, ते सांगतेच. पण आधी जूचंद्र सांगायला हवं, कारण ही गोष्ट बांद्र्याच्या बिल्डिंगमध्ये घडली असती तर इतकी रंगली नसती.

पश्चिम रेल्वेच्या नायगावला पूर्वेला उतरायचं आणि शेअर रिक्षात बसायचं. हायवेनं आलात तर बापाण्याला आत वळायचं. तिसरा रस्ता रेल्वेचाच. वसई रोड–दिवा लाइनवर चक्क ‘जूचंद्र’ नावाचं स्टेशन आहे. पण त्या लाइनवर गाड्या इतक्या मोजक्या की त्यांच्या वेळा घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतात. चुकली तर पुढची कधी, हे विचारायचं नाही, सरळ रिक्षा बघायची. बिल्डरांच्या होर्डिंगवर हा सगळा पट्टा ‘नायगाव ईस्ट’ म्हणून मिरवतो, पण आत शिरलात की गाव आपलं गावच आहे. आगरी घरं, ओट्यावर वाळत टाकलेले बोंबील, डोंगरावर चंडिका देवी आणि खाली मिठागरं. आगरावरून आगरी, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं.

गावाची दुसरी ओळख रांगोळी. दिवाळीत इथं रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं आणि लांबलांबून लोक बघायला येतात. ठिपक्यांची रांगोळी नव्हे हां! माणसाच्या कपाळावरची आठी, डोळ्यातलं पाणी, सुती साडीची सुरकुती, सगळं चिमटीतून सुटणाऱ्या रंगानं. माझे शाळेतले दोन मित्र आज राज्यभर रांगोळ्या काढत फिरतात. मी फिरले ते एक्सेल शीट घेऊन.

तर, मे २०२५मध्ये मी परत आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की गाडीशिवाय भागायचं नाही. आईला फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा वसईला न्यायचं होतं. शेअर रिक्षात तीन माणसं मागे, एक ड्रायव्हरच्या शेजारी आणि आईचा गुडघा कुठे ठेवायचा हा प्रश्न. म्हणून चार वर्षं वापरलेली, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक घेतली. नंबर एमएच-४८, म्हणजे आपल्या वसई-विरारचा. (दाराबाहेरचा अहमदाबाद हायवेसुद्धा नव्या नंबरांत ४८च. योगायोग, पण गावात याला शुभ म्हणतात.) विकणारे काका वसईचे, सज्जन. म्हणाले, ‘पॉलिसी अजून दीड महिना चालू आहे, काळजी करू नको.’ मी केली नाही. आरसी माझ्या नावावर झाली, पेढे वाटले, देवीला नारळ फोडला.

काळजी करायला हवी होती.

कागद खरा, पण अर्धाच माझा

गावात विम्याचं काम करणारा एक दादूस आहे. मला दुसरीपासून ओळखतो. पेढा तोंडात टाकता टाकता त्यानं विचारलं, ‘पॉलिसी ट्रान्स्फर केलीस ना?’ मी म्हटलं, चालू आहे की. त्यानं पेढा खाली ठेवला.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी हे माहीत नसणार, म्हणून जरा नीट सांगते. गाडीच्या विम्यात दोन विमे असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं काही वाईट झालं तर. तो मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे आणि गाडी विकली की कायद्यानंच नव्या मालकाबरोबर जातो. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीला काही झालं तर. तो असा आपोआप येत नाही. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. मी तेविसाव्या दिवशी पेढे वाटत होते. म्हणजे माझ्या गाडीनं कुणाला धडक दिली असती तर त्याला भरपाई मिळाली असती, पण माझी गाडी उद्या खाजणात बुडाली असती तर मला शेंगदाणेसुद्धा मिळाले नसते.

आणि खाजणात बुडणं ही जूचंद्रमध्ये बोलायची पद्धत नाही, तो हवामानाचा अंदाज आहे. त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला होता. जुलै २०१८मध्ये तर वसईच्या मिठागरांत अडकलेल्या माणसांना काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या होत्या. वरून पाऊस आणि खालून उधाणाची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागाच नसते, ते मग आपल्या दारात बसून राहतं.

दादूसनं सल्ला दिला, जुनी पॉलिसी सोड, तुझ्या नावावर नवी काढू. मोबाइलवर आकडे टाकले. ओन डॅमेज ८,००० रुपये. थर्ड पार्टी ३,४१६. हा आकडा कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाड्यांसाठी जून २०२२मध्ये हाच लागू झाला. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा साडेतीनशेच्या आसपास. वर १८ टक्के जीएसटी. एकूण १३,८८४.

‘आणि नो क्लेम बोनस?’ मी विचारलं.

‘तो काकांचा होता. पन्नास टक्के. ते घेऊन गेले.’

गंमत बघा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतोच, माणसाचा असतो. एक वर्ष क्लेम केला नाही की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं सलग सांभाळलं की ५०. गाडी विकली तरी ती सूट आपल्याकडेच राहते. काका त्यांच्या नव्या गाडीवर ती लावणार. रास्तच आहे. पण मग माझं काय? चार वर्षं दुबईत मीही गाडी चालवली होती. सहा पदरी रस्त्यांवर, शंभर-एकशे वीसच्या वेगानं, उजव्या बाजूनं. तिथलं लायसन्स काढताना तीनदा नापास झाले होते, पण मिळाल्यावर एकही क्लेम नाही. तो सगळा इतिहास सांताक्रूझच्या आकाशात विरघळला की काय?

दादूस म्हणाला, ‘बाय, तिकडचं तिकडं. सिस्टीममध्ये तू नवीन ड्रायव्हर.’

दोन कंपन्यांच्या कॉल सेंटरनीही हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

दुबईतला पाऊस

खरं तर मी इथं थांबले असते. तेरा हजार भरले असते, किंवा त्याहून सोपी पळवाट धरली असती: फक्त थर्ड पार्टी. जीएसटीसकट ४,०३१ रुपये, कायदा खूश, पोलिस खूश. नोकरी अजून लागायची होती आणि खात्यातले दिरहम रुपयात येईपर्यंतच पातळ होत होते. मोह झाला, खोटं का बोलू?

पण मी १६ एप्रिल २०२४ पाहिला होता. त्या दिवशी अमिरातीत १९४९पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा पाऊस झाला, अल ऐनच्या भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. वसईकराला हा आकडा ऐकून जांभई येईल. पण वाळवंटातल्या शहरात ते पाणी जिरेना की वाहेना. शेख झायेद रोडवर गाड्या टपापर्यंत बुडाल्या. माझी गाडी बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये होती म्हणून वाचली. ऑफिसमधल्या एका केरळी मित्राची तळघरात होती. त्यानं काही दिरहम वाचवायला नुसती थर्ड पार्टी घेतलेली. गाडी क्रेननं बाहेर काढली तेव्हा सीटमधून चिखल गळत होता. त्याला मिळालं शून्य आणि गाडीच्या कर्जाचे हप्ते राहिले अठरा.

मी त्याच्याबरोबर त्या तळघराच्या तोंडाशी उभी होते. तेव्हा मनात आलं होतं, आमच्या गावात हे दरवर्षी होतं, पण आम्ही गाड्या तळघरात ठेवत नाही.

म्हणून स्वस्तातली पॉलिसी नको होती. योग्य पॉलिसी स्वस्तात हवी होती. मग एका रात्री लाइट गेलेली असताना, मोबाइलच्या बॅटरीचे शेवटचे अकरा टक्के खर्चून मी जुनं मोटार टॅरिफ वाचायला घेतलं. हो, वाचलं! २००२ला संपूर्ण देशासाठी एकच दरपत्रक आलं होतं. २००७च्या जानेवारीपासून ओन डॅमेजचे दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली, पण नो क्लेम बोनसची घडी त्या दरपत्रकातलीच राहिली. त्याच्या सत्ताविसाव्या नियमात बोनसबद्दल पानभर मजकूर आहे आणि मधेच एक छोटं कलम: परदेशात मिळवलेल्या नो क्लेम बोनसचा पुरावा दाखवला, आणि तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथं नवी घेतली, तर तो बोनस इथं देता येईल.

‘देता येईल.’ द्यायलाच हवा असं नाही. पण ‘तिकडचं तिकडं’ असंही नाही!

त्याच दरपत्रकात आणखी एक मजा सापडली. देशाचे दोन झोन. ‘ए’मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद. बाकी सगळा भारत ‘बी’. ‘बी’चा दर किंचित कमी. म्हणजे एमएच-४८ची गाडी हप्त्याच्या हिशेबात मुंबईची नाही. लोकलमध्ये चेंगरून मुंबईला जाऊनही मुंबईकर न होण्याचा हा एकुलता एक फायदा मी आयुष्यात पाहिला आहे.

दुबईच्या विमा कंपनीला मेल टाकला: मला ‘नो क्लेम सर्टिफिकेट’ हवंय. तिथं हा कागद अगदी साधा, कंपनी बदलताना सगळेच मागतात. निघायच्या दिवशी काउंटरवर मागितला असता तर पाच मिनिटांत मिळाला असता. आता जुना पॉलिसी नंबर, गाडी विकल्याचा कागद, एमिरेट्स आयडीची प्रत, आणि वर ‘तुम्ही आता ग्राहक नाही’ हे दोनदा ऐकणं. इकडे तिसऱ्या एका कंपनीच्या वसईतल्या अधिकारी बाईंनी फोनवर कलम ऐकून घेतलं, मिनिटभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पत्र आणा, वर पाठवते. पत्रावर वर्षं आणि पॉलिसी संपल्याची तारीख स्पष्ट हवी.’ एवढ्या दिवसांत ‘बघते’ म्हणणारं पहिलं माणूस!

अकरा दिवस

पत्र यायला आणि वरून होकार यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस मी आकाशाकडे बघत काढले.

आईचं वसईला जाणं थांबवता येत नव्हतं. थर्ड पार्टी चालू होती, म्हणून गाडी काढणं बेकायदा नव्हतं. पण प्रत्येक खड्ड्यात पाणी दिसलं की मी आकडे मोजायची. चार लाखांची गाडी, त्यातले दोन उसने. आई शेजारी बसून शांतपणे म्हणायची, ‘एवढी हळू चालवतेस, त्यापेक्षा रिक्षा बरी.’

सातव्या की आठव्या दिवशी संध्याकाळी शेजारचे नाना ओट्यावर आले. आयुष्य मिठागरावर गेलेलं. मोबाइल नाही, पंचांग आहे. म्हणाले, ‘बाय, गारी देवीच्या पायथ्याशी नेऊन लाव. आज उधान हाय, न पाऊस लागलाय.’

‘नाना, ॲपवर यलो अलर्टच आहे.’

नानांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी किल्ली घेतली.

चंडिकेच्या डोंगराखालचा चढ गावातली उंच जागा. मी पोचले तर तिथं आधीच रांग लागलेली. टेम्पो, दोन रिक्षा, एकाची वरातीची बग्गीसुद्धा! कुणी कुणाला फोन केला नव्हता. ज्याला त्याला आपापल्या नानांनी सांगितलं होतं.

रात्री अडीचला आमच्या गल्लीत पाणी चढलं. ओट्याच्या दोन पायऱ्या गेल्या. समोरच्या नव्या इमारतीत भाड्यानं राहणाऱ्या एका तरुणाची गाडी खालीच होती. सकाळी पाणी सायलेन्सरच्या खाली उतरलं तसं त्यानं गाडीत बसून किल्ली फिरवली. एकदा खरखर, एकदा धाड्, मग काहीच नाही. त्याची पॉलिसी फुल होती, नव्या कोऱ्या गाडीची. तरी इंजिनाचे पैसे नाकारले गेले. फुल पॉलिसीत पूर येतो, पण पाण्यातल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिनानं पाणी ओढून घेतलं, तर ते नुकसान पुरानं नाही, तुम्ही केलं असं धरतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. ते नसेल तर एकच गोष्ट करायची: किल्लीला हात लावायचा नाही. फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा आणि गाडी ढकलत किंवा टो करून गॅरेजला न्यायची. तो मुलगा चांगला शिकलेला, एअरपोर्टजवळच्या कंपनीत आहे. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर डोकं धरून बसला होता, तेव्हा आईनं त्याला चहा आणि तांदळाची भाकरी दिली. नाना म्हणाले, ‘त्यालापन सांगाया पायजे व्हता.’ आणि दिवसभर त्यांना ते लागून राहिलं.

माझी गाडी देवीच्या पायथ्याशी कोरडी ठणठणीत. बॉनेटवर एक कोंबडी बसलेली.

अकराव्या दिवशी बाईंचा फोन आला. चार वर्षं मान्य, ४५ टक्के. शिवाय तपासणीचा व्हिडिओ. ॲप उघडून गाडीभोवती फिरायचं, चेसिस नंबर दाखवायचा, काच दाखवायची. आमच्या गल्लीत नेटवर्क येत नाही, म्हणून तेही देवीच्या पायथ्याशीच. तीन वेळा अपलोड फसला, चौथ्यांदा गेला, मागे घंटेचा आवाज आणि एका पोराचं ‘ताई, रील बनवतेस काय?’ यासकट.

ओन डॅमेज ८,०००चे ४,४०० झाले. जीएसटीसकट बिल ९,६३६. वाचले ४,२४८. त्यातले १,२९८ रुपये मी लगेच इंजिन प्रोटेक्टवर घातले. एकूण १०,९३४. दादूस म्हणाला, ‘माझ्याकडून काढलीस नाही ना शेवटी.’ मी म्हटलं, पुढच्या वर्षी. त्यानं त्या नियमाचा फोटो मात्र मागून घेतला, आणि ‘अजून तिघं आलेत मस्कतवरून’ असं पुटपुटत गेला.

तेव्हापासून उजव्या दरवाजावर दोन ओरखडे आलेत. एक शेअर रिक्षाचा, एक भाच्याच्या सायकलचा. पहिले हजार रुपये तसेही आपल्याच खिशातून जाणार आणि वर ४५ टक्के शून्यावर येणार, म्हणून क्लेमचा विचारही केला नाही. रांगोळीवाल्या मित्रानं बघितलं आणि म्हणाला, ‘रंग जुळवून देतो.’ दिला. जवळून बघितलं तरच कळतं.

दसऱ्याला गल्लीत सगळ्या गाड्या धुऊन झेंडू लावत होतो, तेव्हा मागच्या आळीतला एक मुलगा आला. दोहाला निघालाय, गाडी विकायचीय, गिऱ्हाईक आहे का विचारत होता. मी विचारलं, क्लेम किती केलेस? एकही नाही, म्हणाला, पाच वर्षं.

‘मग विकल्यावर कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घे. तीन वर्षं चालतं. आणि तिकडून येताना तिकडचं आण.’

त्यानं हातातलं झेंडूचं फूल माझ्या वायपरमध्ये खोचलं आणि मोबाइल काढला. ‘थांब, लिहून घेतो. पत्राला काय म्हणायचं?’